अपुऱ्या राहिलेल्या नऊ धांवा

क्रिकेटच्या शोकिनाची स्मरणशक्ति ही एक चमत्कारिक वस्तु आहे. गेल्या महिन्याचा किराण्याचा हिशेब त्यास आठवणार नाहीं, धाकट्या भाचीच्या लग्नाचें साल तो हटकून चुकीचें सांगेल, पण १९४८ सालच्या डिसेंबरांत पुण्यास काय घडलें असें विचारण्याचा अवकाश, कीं तो ४४३ हा आंकडा सांगून मोकळा होतो, आणि लगेच उसासा टाकून म्हणतो, "आणखी नऊ हव्या होत्या!" वास्तविक नऊ धांवांनीं नुसती बरोबरी झाली असती, पुढें जावयास दहा लागल्या असत्या. परंतु लोकांच्या तोंडीं नऊच बसल्या आहेत. या नऊ धांवा कोणी अडविल्या, त्या अडविण्याचा त्यांना अधिकार होता काय, आणि खेळांतील मोठा पराक्रम हा खेळाडूच्या मालकीचा कीं संघाच्या, हा प्रश्न त्या शोकिनाच्या मनांतून अजून गेलेला नाहीं.

तो सामना रणजी करंडकाच्या स्पर्धेंतील होता. १६ डिसेंबर १९४८ रोजीं पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठेवाड हे दोन संघ समोरासमोर आले. काठेवाडचा पहिला डाव २३८ धांवांवर आटोपला. महाराष्ट्राचा पहिला गडी बाद झाल्यावर कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले. चारच दिवसांपूर्वीं त्यांना २९ वर्षें पुरीं झालीं होतीं. समोरच्या बाजूस कमल भांडारकर होते. या जोडीनें दुसऱ्या गड्यासाठीं ४५५ धांवांची भर घातली. त्या काळीं दुसऱ्या गड्याची एवढी भागी जगांत कोठेंहि झालेली नव्हती. भांडारकर २०५ धांवा काढून परतले, पण निंबाळकर खेळतच राहिले. ४९४ मिनिटें, म्हणजे आठ तासांहून अधिक काळ, ते फळी धरून उभे होते. एक षट्कार आणि ४९ चौकार त्यांनीं मारले, त्यांच्या झाल्या २०२ धांवा. बाकीच्या २४१ धांवा त्यांनीं स्वतःच्या पायांनीं मिळविल्या, आणि शिवाय जोडीदारांच्या धांवांसाठींहि तितक्याच निष्ठेनें ते पळाले. आंकड्यांच्या कोष्टकांत ही दमछाक कोठेंच दिसत नाहीं. ज्यानें पुण्याच्या मैदानावर हिंवाळ्यांतील दुपारचें ऊन खाल्लें आहे, त्यासच तिची कल्पना येईल.

तिसऱ्या दिवशीं खेळ विसाव्यासाठीं थांबला, तेव्हां महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धांवा झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. १९३० च्या जानेवारींत सिडनी येथें डोनाल्ड ब्रॅडमन यानें न्यू साउथ वेल्सच्या वतीनें क्वीन्सलंडविरुद्ध नाबाद ४५२ धांवा केल्या होत्या, आणि प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्यें एका माणसानें एका डावांत केलेल्या त्या सर्वांत अधिक धांवा होत्या. म्हणजे विसाव्यानंतर दोन षट्कें खेळ झाला असता, तरी जगांतील पहिल्या क्रमांकाचें नांव बदललें असतें. तसें व्हावयाचें नव्हतें. काठेवाडचे नायक राजकोटचे ठाकोरसाहेब होते. महाराष्ट्रानें डाव येथेंच सोडावा, नाहीं तर आम्ही निघालों, असें त्यांचें म्हणणें पडलें. दोन षट्कें तरी खेळूं द्या, अशी विनंति महाराष्ट्राकडून झाली, असें सांगतात. ती मान्य झाली नाहीं. काठेवाडनें सामना गमावल्याचें मान्य केलें आणि पाहुणी मंडळी सामान बांधून घरीं निघाली. मैदान होतें, प्रेक्षक होते, फलंदाज तयार होता. चेंडू टाकणारेंच कोणी उरलें नाहीं.

यांत नियमाचा भंग झाला असें मात्र कोणी म्हणूं नये. नायकास पराभव पत्करण्याची मुभा क्रिकेटच्या कायद्यांत आहे. ठाकोरसाहेबांच्या बाजूनें आणखीहि कांहीं बोलतां येतें, आणि तें न बोलणें अन्यायाचें होईल. महाराष्ट्राची आघाडी ५८८ धांवांची झाली होती. सामना जिंकावयास एवढ्या धांवा लागत नव्हत्या. यापुढें जो खेळ व्हावयाचा, तो एका माणसाचें नांव पुस्तकांत वर चढविण्यासाठीं व्हावयाचा, आणि त्यासाठीं अकरा माणसांनीं उन्हांत चेंडूमागें धांवावयाचें. हा खेळ कीं वेठ, असा प्रश्न दमलेल्या क्षेत्ररक्षकाच्या मनांत आला, तर त्यास दोष कोण देईल? शिवाय आपल्या संघाविरुद्ध जागतिक उच्चांक झाला, ही नोंद जन्माची चिकटणार, हें भयहि होतें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत काठेवाडांतील संस्थानें एका संघराज्यांत विलीन झालीं होतीं. ज्यांच्या हातून राज्याचा कारभार नुकताच गेला, त्यांना अकरा खेळाडूंवरील हुकमत तेवढी अधिक प्रिय वाटली असेल, असाहि तर्क एखादा खट्याळ माणूस करील. पण तो तर्कच.

इतकें सगळें मान्य करूनहि क्रिकेटचा जाणता शोकीन हा निर्णय चुकीचाच समजतो, आणि त्याचें कारण भावनेचें नसून खेळाच्या स्वरूपांतील आहे. फलंदाजाची धांव ही त्याची एकट्याची कमाई नसते. समोरचा गोलंदाज त्यास बाद करण्याचा प्रयत्न करीत असतो, म्हणूनच तिला मोल असतें. त्यामुळें उच्चांक घडतो तो दोन्ही पक्षांच्या सहीनें. हरणाऱ्या पक्षाची सही अपमानाची नसते. आम्ही शेवटपर्यंत झटलों, याचा तो दाखला असतो. अपकीर्तीच्या भयानें मैदान सोडलें तर अपकीर्ति टळत नाहीं, हें तर काठेवाडच्याच उदाहरणानें सिद्ध झालें. ते दोन षट्कें थांबले असते, तर त्यांचें नांव तळटिपेंत गेलें असतें. ते निघून गेले, म्हणून एवढ्या वर्षांनंतरहि त्यांचा उल्लेख होतो तो गोलंदाजीसाठीं नव्हे, घरीं जाण्यासाठीं.

आणि जो थांबतो त्यास कांहीं मिळतच नाहीं असेंहि नाहीं. १९५९ च्या जानेवारींत कराची येथें हनीफ महंमद यानें बहावलपूरविरुद्ध ब्रॅडमनचा आंकडा ओलांडला. बहावलपूरचा पहिला डाव अवघ्या १८५ धांवांत संपला होता. म्हणजे काठेवाडपेक्षांहि त्यांची स्थिति बिकट. पण ते मैदानावर राहिले. दिवसाचा खेळ संपावयास आला असतां हनीफ पांचशेव्या धांवेसाठीं पळाला आणि ४९९ वर धांवबाद झाला. धांवफलकानें त्यास त्याच्या खऱ्या धांवा दाखविल्या नव्हत्या, ही त्यांतील आणखी एक गंमत. बहावलपूर एक डाव आणि ४७९ धांवांनीं हरलें. तरी त्या सामन्याची गोष्ट निघाली म्हणजे त्यांच्या क्षेत्ररक्षकांनीं केलेला तो शेवटचा धांवबाद सांगितल्यावांचून ती पुरी होत नाहीं. चेंडूमागें दिवसभर पळालेल्या माणसांना पांचशेवी धांव अडवितां आली! काठेवाडच्या गोलंदाजांनाहि ४४४ व्या धांवेआधीं निंबाळकरांची दांडी उडविण्याची संधि होती. ती त्यांच्या नायकानेंच त्यांच्या हातून काढून घेतली.

पुढें ६ जून १९९४ रोजीं एजबॅस्टन येथें ब्रायन लारा यानें डरहमविरुद्ध नाबाद ५०१ धांवा करून हनीफच्याहि पुढें मजल मारली. त्या सामन्याचा निकाल लागण्याचा संभव उरला नव्हता, आणि वॉरिकशरच्या नायकानें लारास मनसोक्त खेळूं दिलें. लाराच्या १८ धांवा झाल्या असतां डरहमच्या यष्टिरक्षकाच्या हातून त्याचा झेल सुटला होता. त्या एका झेलाची किंमत ४८३ धांवा झाली! तरी डरहमचा संघ शेवटच्या षट्कापर्यंत चेंडू टाकीत राहिला.

आतां, खेळाडूचा पराक्रम अपुरा राहणें ही एक गोष्ट, आणि तो कोणीं व कशासाठीं अपुरा ठेवला ही दुसरी. स्वतःच्या नायकानें डाव सोडल्यामुळें अपुरे राहिलेले पराक्रमहि पुष्कळ आहेत, आणि त्यांवरून घरोघर वाद झाले आहेत. २००४ च्या मार्चमध्यें मुलतान येथें सचिन तेंडुलकर १९४ वर नाबाद असतांना राहुल द्रवीड यानें ५ बाद ६७५ वर भारताचा डाव जाहीर केला. आपल्याकडे त्या दिवशीं जेवणाच्या पंक्तीला दोन तट पडले नसतील असें घर विरळा. वास्तविक त्याच डावांत वीरेंद्र सेहवागनें ३०९ धांवा काढल्या होत्या. पण त्या रात्रीं लोकांनीं चर्चा केली ती झालेल्या ३०९ धांवांची नव्हे, न झालेल्या सहांची! भारतानें तो सामना एक डाव आणि ५२ धांवांनीं जिंकला. तेंडुलकरला एखादें षट्क अधिक द्यावयास हरकत नव्हती, हें मत आजहि कायम आहे, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु निर्णय संघाच्या विजयासाठीं, संघाच्या नायकानें घेतला होता. तेथें राग येऊं शकतो, अन्याय झाला असें म्हणतां येत नाहीं.

१९९८ सालीं पेशावर येथें ऑस्ट्रेलियाचा मार्क टेलर ३३४ वर नाबाद होता. ब्रॅडमनचा कसोटींतील सर्वोच्च आंकडाहि तोच. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एक धांव काढून पुढें जाणें त्यास सहज शक्य होतें. तो स्वतःच नायक होता, त्यानें डाव सोडला. सामना शेवटीं अनिर्णितच राहिला, म्हणजे हिशेबी माणसाच्या दृष्टीनें त्या त्यागाचा उपयोग कांहींच झाला नाहीं. २०२५ च्या जुलैमध्यें बुलावायो येथें दक्षिण आफ्रिकेचा वियान मुल्डर ३६७ वर असतांना, लाराचा कसोटींतील ४०० चा उच्चांक ३३ धांवांवर आला असतांना, उपाहाराच्या वेळींच डाव जाहीर करून मोकळा झाला. तो मान लाराकडेच राहावा, असें त्यानें नंतर सांगितलें. यावरहि दोन मतें पडलीं. उच्चांक हे मोडण्यासाठींच असतात, ते राखण्याची जबाबदारी प्रतिस्पर्ध्यानें कां घ्यावी, हा आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. पण मुल्डरनें सोडलें तें स्वतःचें होतें. निंबाळकरांनीं कांहीं सोडलें नाहीं, आणि त्यांच्या नायकानेंहि त्यांना सोडावयास लावलें नाहीं. दानाचें पुण्य त्यांना नाहीं, आणि प्राप्तीचा आनंदहि नाहीं.

काठेवाडचें दुःख मोठें होतें असें म्हणावें, तर महाराष्ट्राच्या गोलंदाजांनीं तें त्याआधींच भोगलें होतें. १९४३-४४ च्या हंगामांत मुंबईस ब्रेबॉर्नच्या मैदानावर विजय मर्चंट यांनीं याच महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धांवा काढल्या होत्या. निंबाळकरांच्या खेळीपूर्वीं रणजी करंडकांतील सर्वोच्च धांवा त्याच. महाराष्ट्राचे खेळाडू त्या वेळीं गाडी पकडावयास गेले नाहींत. त्याच हंगामांत पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरींत हिंदूंनीं ५ बाद ५८१ धांवा केल्या आणि त्यांत मर्चंट नाबाद २५० राहिले. इतरांच्या संघाचा पहिला डाव १३३ वर कोसळला. दुसऱ्या डावांत त्या संघानें ३८७ केल्या, आणि त्यांतील ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या! हजारे यांचे बंधु विवेक यांनीं २१ धांवा काढून त्यांना साथ दिली आणि दोघांची भागी ३०० ची झाली. सामना इतरांनीं एक डाव आणि ६१ धांवांनीं गमावला. पराभव निश्चित असतांना खेळलेली खेळी सर्वांत अधिक लक्षांत राहते, याचें याहून चांगलें उदाहरण आपल्या देशांत दाखवितां येणार नाहीं.

निंबाळकरांच्या बाबतींत आणखी एक निर्णय झाला, आणि तो काठेवाडच्या निर्णयाहून अधिक बोचणारा आहे. हा सामना झाला त्या वेळीं वेस्ट इंडीजचा संघ हिंदुस्थानांत खेळत होता. मुंबईचा दुसरा कसोटी सामना १३ डिसेंबरला संपला होता. कलकत्त्याचा तिसरा ३१ डिसेंबरला सुरू व्हावयाचा होता. या दोहोंच्या मध्यें पुण्यास एका माणसानें ४४३ धांवा केल्या. निवड करणाऱ्यांनीं त्याला बोलाविलें नाहीं. कलकत्त्यास नाहीं, मद्रासेस नाहीं, आणि पुढेंहि कधींच नाहीं. पुढल्या हंगामांत राष्ट्रकुलाच्या संघाविरुद्धच्या एका अनधिकृत कसोटींत तेवढे ते खेळले. काठेवाडची गोलंदाजी कमजोर होती, असें समर्थन केलें जातें. असेल, पण कमजोर गोलंदाजीविरुद्ध खेळण्याची संधि पुष्कळांना मिळाली होती, ४४३ कितींनीं केल्या? प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्यें निंबाळकरांनीं चार हजार आठशेंहून अधिक धांवा काढल्या, त्या सुमारें ४८ च्या सरासरीनें. होळकर आणि रेल्वे यांसारख्या संघांतूनहि ते खेळले. ११ डिसेंबर २०१२ रोजीं, त्र्याण्णव वर्षें पुरीं होण्यास एक दिवस उरला असतां, कोल्हापूर येथें त्यांचें निधन झालें. तेथेंहि एकानेंच कमी! आज जगांतील सर्वोच्च खेळींत त्यांचा क्रमांक लारा, हनीफ आणि ब्रॅडमन यांच्या खालोखाल चौथा लागतो, आणि वरच्या तिघांच्या कसोटींतील पराक्रमांनीं पुस्तकें भरलीं आहेत. चौथ्यानें अधिकृत कसोटी सामना एकहि खेळलेला नाहीं. स्वतः ब्रॅडमननें निंबाळकरांची खेळी आपल्या खेळीहून सरस असल्याचें कळविलें होतें, असें सांगतात. तें खरें असल्यास, सिडनीस जें कळलें तें निवडसमितीस कळलें नाहीं.

त्या दौऱ्याचा शेवटहि अपुऱ्या धांवांनींच झाला. १९४९ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या पांचव्या कसोटींत भारतास जिंकण्यास ३६१ धांवा हव्या होत्या. हजारे यांनीं १२२ केल्या. दत्तू फडकर शेवटपर्यंत नाबाद होते. ८ बाद ३५५ झाल्या असतां, वेळ पुरी होण्यास अजून थोडा अवधि होता तोंच पंचानें दांड्यांवरील बेल्स उचलल्या. सहा धांवा राहिल्या. कसोटींतील पहिल्या विजयासाठीं भारतास त्यानंतर १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत, मद्रासच्या सामन्यापर्यंत, वाट पाहावी लागली. नऊ धांवा काय, सहा धांवा काय, त्या हंगामाच्या नशिबीं अर्धवट राहणेंच लिहिलें होतें, असें एखाद्या दैववाद्यास वाटावें. पण दैववाद्याचें हें म्हणणें महिन्याभरांतच खोटें ठरलें.

१९४९ च्या मार्चमध्यें रणजी करंडकाच्या उपांत्य फेरींत महाराष्ट्राची गांठ मुंबईशीं पडली, आणि तीहि पुण्यासच. या वेळीं कोंडींत सांपडण्याची पाळी महाराष्ट्राची होती. मुंबईनें ६५१ धांवा केल्या. महाराष्ट्रानें ४०७ पर्यंत मजल मारली. मुंबईनें त्यांना पुन्हां खेळावयास न लावतां स्वतःच दुसरा डाव सुरू केला आणि ८ बाद ७१४ धांवा होईपर्यंत तो सोडलाच नाहीं. उदय मर्चंट आणि फडकर या दोघांनीं दोन्ही डावांत शतकें केलीं. उन्हाळा तोंडावर आलेला, मैदान तापलेलें, आणि समोर तेराशेंहून अधिक धांवा देऊन झालेल्या! विजयासाठीं ९५९ धांवा करावयाच्या. आशा कोणास उरली असेल असें वाटत नाहीं. काठेवाडच्या नायकाचा धडा गिरवावयाचा असता, तर याहून चांगलें निमित्त मिळालें नसतें, आणि नियम तर तेव्हांहि तोच होता.

महाराष्ट्राच्या सलामीच्या जोडीनें फळ्या उचलल्या आणि ती मैदानावर गेली. मधुसूदन रेगे यांचें सामन्यांतील दुसरें शतक झालें. शरद देवधर यांनीं १४६ धांवा काढल्या. दुसऱ्या डावांत महाराष्ट्राच्या ६०४ धांवा झाल्या. सातव्या दिवशीं शेवटचा गडी बाद झाला, तेव्हां ते ३५४ धांवांनीं हरले होते. दोन्ही संघांच्या मिळून त्या सामन्यांत नऊ शतकें आणि २३७६ धांवा झाल्या. प्रथम दर्जाच्या कोणत्याहि सामन्यांत एवढ्या धांवा त्याच्या आधीं झाल्या नव्हत्या, आणि नंतरहि झालेल्या नाहींत.